पाच मिनिटांचा लकवा

(आंजी (मोठी), जि. वर्धा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सुचवलेला विषय होता ‘निरोगी जीवनाची गुरुकिल्ली’. मी म्हटलं, अशी किल्ली माझ्याकडे नाही. असती तर माझं पोट एवढं सुटलं नसतं. मी मानेतल्या रक्तवाहिनीवर बोलतो. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग विचारणा झाली, ‘डॉक्टरसाहेब, त्याच्यासाठी लोकं येतील का जी?’ तुम्ही आलात. कापसाची वेचणी सुरू आहे, दिवसभर शिवारात वाकून संध्याकाळी इथे येऊन बसला आहात. मनापासून आभार.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या वर्गाचा एक नियम जुने विद्यार्थी अजून सांगतात: शंका विचारल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तो नियम आजही लागू आहे असं समजा. आणि तसं पाहिलं तर प्रश्न विचारणाऱ्यांची या गावाला सवयच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथे आंजीतच आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तुमच्या ओसरीवर बसून, घरात माणसं किती, पाणी कुठलं, बाळाला लस दिली का, असं विचारत विचारत डॉक्टर झाल्या. त्यामुळे लस, वजन, बाळंतपण, हगवण यांवर मी तुम्हाला शिकवायला जाऊ नये हे बरं. लकव्याचं मात्र तसं नाही. लकवा म्हटलं की आपण अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो आणि हात जोडतो. ते वारं बऱ्याचदा येतं मानेतून. आणि येण्याआधी अनेकांच्या घरी एकदा डोकावून जातं. मला आज सांगायचं आहे ते त्या डोकावून जाण्याबद्दल.

सुरुवात एका छोट्या कामाने करू. दोन बोटं गळ्याच्या मधल्या उंचवट्यावर ठेवा. तिथून बाजूला, मानेच्या जाड स्नायूच्या अलीकडे जी खोलगट जागा लागते तिथे सरकवा. हलक्या हाताने. आणि एकाच बाजूला! दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर कुणाला तरी घेरी येईल आणि व्याख्यान तिथेच आटपावं लागेल. लागला ठोका? ही कॅरोटिड धमनी. अशा दोन आहेत, डावी आणि उजवी. छातीतून वर चढतात आणि जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा खाली प्रत्येकीला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला रक्त देतो. आतला फाटा मानेत कुणालाही काही न देता थेट कवटीत शिरतो, आणि डोळ्याला व मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त पोचवतो. हात हलवणं, पाय उचलणं, बोलणं, समोरच्याचं बोलणं कळणं, हे सगळं त्या भागात. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं, पण प्राणवायू लागतो पाचव्या हिश्शाइतका. आणि साठवून ठेवायची सोय अजिबात नाही. मिनिटाचा पुरवठा मिनिटाला लागतो.

आता रोग कसा होतो? फाटा फुटतो तिथे धमनी जराशी फुगीर असते. सरळ धावत आलेलं रक्त तिथे घुमतं, भिंतीलगत रेंगाळतं. वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर, तंबाखू यांनी आतलं नाजूक अस्तर वर्षानुवर्षं दुखावलेलं असेल तर नेमकं तिथेच कोलेस्टेरॉल भिंतीत मुरतं, त्याभोवती पेशी जमतात, पुढे कॅल्शियम बसतं. थर तयार होतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या शेतात ठिबक आहे. नळीत क्षार साचतात, पाणी कमी कमी होत जातं, शेवटी झाड सुकतं. मानेतही असंच होत असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण मेंदूचा बंदोबस्त ठिबकपेक्षा बरा आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. एका बाजूने रक्त कमी आलं तर दुसऱ्या बाजूचं तिकडे वळतं. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली या कड्याचं वर्णन केलं. त्याने शवविच्छेदनात एक माणूस असा पाहिला की त्याची एका बाजूची कॅरोटिड पूर्ण बंद होती. तरी त्याला लकवा झाला नव्हता, तो भलत्याच आजाराने गेला होता. म्हणजे नळी हळूहळू बंद झाली तर मेंदू बहुधा वाट काढतो.

मग लकवा कसा होतो? थर फुटतो म्हणून. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, तिचा किंवा थराचा कण सुटतो, आणि रक्ताबरोबर वर जाऊन मेंदूतल्या बारीक धमनीत अडकतो. नळी किती अरुंद झाली हे महत्त्वाचं आहेच, कारण जास्त अरुंद नळीतला थर फुटण्याचा संभव जास्त. पण घात करतो तो सुटलेला कण. आणि थर चढत असताना, अर्धी नळी बुजेपर्यंत, पाऊण बुजेपर्यंत, माणसाला काय जाणवतं? काहीही नाही. मान दुखत नाही. मान दुखते म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांचं बहुधा मणक्याचं किंवा स्नायूंचं असतं. उठताना नुसती चक्कर येते तीही सहसा या धमनीमुळे नसते. हा रोग गप्प बसून वाढतो, आणि बोलतो तेव्हा इतकं थोडं बोलतो की ऐकणाऱ्याला वाटतं, काही नव्हतंच.

या ‘काही नव्हतंच’वर मी आज थोडा जास्त वेळ घेणार आहे.

एक शेतकरी. गाव सांगत नाही. सकाळी ओट्यावर बसून पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. घोटता घोटता पन्नी हातातून पडली. उचलायला गेला तर उजव्या हाताची बोटं ऐकेनात. बायकोला हाक मारली, पण तोंडातून शब्दांचा काला बाहेर पडला. तिने तोंडावर पाणी मारलं, खाटेवर निजवलं. जावेने कोमट तेल आणून हात चोळला. पाच-सात मिनिटांत हात परत आला. वाचा परत आली. घर हसलं. तो चहा प्याला आणि शेतात गेला. चौथ्या दिवशी पहाटे त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं कायमचं गेलं. दवाखान्यात त्याचा भाऊ मला सांगत होता, ‘तवा एकदम बरा झालता जी, म्हणून नाई आनलं.’

त्या घरात आजही मानतात की पहिल्या दिवशी तेलाने हात आला. मी त्यांना हसत नाही, तुम्हीही हसू नका. चोळलं आणि हात आला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कबुतराच्या रक्ताची मालीश करणाऱ्यांचा धंदा याच अनुभवावर चालतो. खरं काय घडलं होतं? डाव्या कॅरोटिडमधून सुटलेला एक कण वर जाऊन अडकला, आणि शरीराच्या स्वतःच्या यंत्रणेने तो काही मिनिटांत विरघळवला. तेल नसतं लावलं तरी हात आला असता. पण ज्या जखमेतून तो कण सुटला ती जखम मानेत तशीच उघडी होती. पुढचा कण कधी सुटणार, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

अशा झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. आपण पाच मिनिटांचा लकवा म्हणू. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक जड पडणं, तोंड वाकडं होणं, शब्द न सुचणं किंवा भलतेच शब्द निघणं. आणि एक असं लक्षण जे जवळजवळ कुणी सांगत नाही: एकाच डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि थोड्या वेळाने उठतो. मोतीबिंदूचं असेल म्हणून लोक शिबिराची वाट पाहतात. मोतीबिंदू असा दहा मिनिटांत येत-जात नाही हो!

हे डोळ्याचं लक्षण आणि मान यांचा संबंध कसा उलगडला, याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लकवा झाला की बहुतेक डॉक्टर फक्त मेंदूकडे बघत. शवविच्छेदनातही कवटी उघडत, छाती उघडत. मान बहुतेक वेळा तशीच राही, कारण अंत्यदर्शनाच्या वेळी ती दिसते. कॅनडात मॉन्ट्रियलला मिलर फिशर नावाचे डॉक्टर होते. एका लकव्याच्या रुग्णाने त्यांना सांगितलं की अंग जाण्याआधी त्याला काही वेळा एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. डोळा कुठला, तर ज्या बाजूचं अंग गेलं त्याच्या विरुद्ध बाजूचा. फिशर म्हणाले, असं होणार नाही, तुझी आठवण चुकत असेल. रुग्ण आपल्या सांगण्यावरून हटला नाही. आता आपण दोघांच्या जागी बसून विचार करू. डावा मेंदू उजवं अंग चालवतो. पण डावा डोळा आणि डावा मेंदू या दोघांना रक्त देणारी धमनी एकच, डावी कॅरोटिड. म्हणजे डोळा डावा आणि अंग उजवं, हे अगदी बरोबर जुळतं, जर बिघाड मानेत असेल तर! फिशरनी मग शवविच्छेदनात माना उघडून पाहायला सुरुवात केली, आणि फाट्याच्या जागी त्यांना बुजलेल्या धमन्या सापडल्या. १९५१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यात हेही लिहिलं की एक दिवस शल्यचिकित्सक ही बुजलेली जागा ओलांडून रक्त नेण्याचा मार्ग शोधतील. डॉक्टर नको म्हणत असताना रुग्ण आपल्या अनुभवावर ठाम राहिला, आणि डॉक्टरांनी घरी जाऊन त्यावर विचार केला. तुमच्या गावात ओसरीवर बसून प्रश्न विचारायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो. डॉक्टरने मान डोलावली नाही तरी पाच मिनिटांचं ते लक्षण पूर्ण सांगा. कुठला हात, कुठला डोळा, किती वेळ, आजवर कितीदा.

आता कुणी विचारेल, झटका येऊन गेला, माणूस चालतो-बोलतो आहे, तर घाई कसली? बाजाराच्या दिवशी जाऊ की वर्ध्याला. घाई अशी की मोठा झटका यायचाच असेल तर त्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत बराच असतो. ऑक्सफर्डला पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. असे झटके येऊन गेलेल्यांना आधीच्या पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी, मग तारीख, मग तपासणी, असं पाहिलं तर तीन महिन्यांत शंभरातल्या सुमारे १० जणांना मोठा झटका आला. तसेच झटके आलेल्या दुसऱ्या रुग्णांना लगेच तपासून त्याच दिवशी औषधं सुरू केली तेव्हा शंभरात सुमारे २ जणांना आला. औषधं तीच, ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलवरची, रक्तदाबावरची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात सापडतील अशी. फरक होता वेळेचा.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते असं. झटका पूर्ण निघून गेला असला तरी त्याच दिवशी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात, वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात, जिथे पोचता येईल तिथे जायचं. आणि जाऊन ‘आता बरं आहे’ असं म्हणायचं नाही. काय झालं होतं ते सांगायचं. आणि लकवा गेलाच नाही, हात तसाच लुळा आहे, तर मिनिटं मोजायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण काही लकव्यांत गुठळी नसून रक्तस्राव असतो आणि तिथे हेच इंजेक्शन जीव घेईल. मोठी धमनी तुंबली असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. म्हणून १०८ ला फोन करा. तोंडात पाणी घालू नका, श्वासनळीत जाईल. सीटी होण्याआधी घरची ॲस्पिरिन देऊ नका. आणि एक गोष्ट नक्की लिहून आणा: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि ज्याला उत्तर माहीत असतं तो नातेवाईक बहुधा घरी राहिलेला असतो.

आता मानेकडे परत येऊ. झटका आलेल्या रुग्णाची मान तपासायची कशी? डॉप्लर म्हणजे एक प्रकारची सोनोग्राफी. जेल लावून मानेवर यंत्र फिरवतात, अर्ध्या तासाच्या आत काम होतं, सुई लागत नाही. धमनी जिथे अरुंद, तिथे रक्ताचा वेग वाढतो. त्या वेगावरून किती टक्के बुजली याचा अंदाज येतो. गरज वाटली तर सीटी अँजिओग्राफी. पुढचा प्रश्न लोकांना घाबरवतो: ऑपरेशन?

फिशरनी वर्तवलेलं भविष्य लवकर खरं झालं. १९५३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला मायकेल डिबेकी यांनी शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाची मान उघडली, धमनी चिरून आतला थर काढून टाकला आणि धमनी शिवली. वय ५३. तो त्यानंतर १९ वर्षं जगला आणि त्याला पुन्हा लकवा झाला नाही. पुढच्या वर्षी लंडनला एका ६६ वर्षांच्या बाईवर शस्त्रक्रिया झाली. तिला तोवर असे छोटे झटके येऊन गेले होते ३३! शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला रक्त कमी पडलं तरी तग धरावा म्हणून तिचं शरीर बर्फाने थंड केलं होतं. ३३ झटके, आणि दर वेळी ती बरी होत गेली.

पण एखाद-दुसऱ्याच्या गोष्टीवर वैद्यक चालत नाही. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ज्यांना झटका येऊन गेला होता आणि ज्यांची त्या बाजूची कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त बुजली होती, त्यांना फक्त औषधं दिली तर दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा लकवा झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांना. एवढा स्पष्ट फरक वैद्यकात फार वेळा दिसत नाही. आणि पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की हा फायदा झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तरच पुरता मिळतो. म्हणजे ‘आधी सोयाबीन विकू, मग बघू’ या मध्यंतरात फायदाच संपून जातो. काहींना शस्त्रक्रियेऐवजी आतून स्टेंट बसवतात. कुणाला काय, ते वय, हृदय आणि धमनीची ठेवण बघून ठरतं. पैशांचा प्रश्न आलाच तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते त्याला विचारा. शेत गहाण टाकण्याआधी विचारा.

इथे मला दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही सगळे माना तपासायला रांग लावाल आणि दोष माझ्यावर येईल. हा रोग गंभीर आहे याचा अर्थ बुजलेली प्रत्येक धमनी उघडावी असा नाही. ज्यांना कधीच झटका आला नाही, त्यांच्यात आजच्या औषधांवर लकव्याचा धोका पुष्कळ कमी असतो. शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोकाही तोलावा लागतो, कारण शस्त्रक्रियेतच थोड्या जणांना लकवा होतो. ज्यांना लक्षणं नाहीत अशा लोकांची सरसकट मान तपासू नये, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. तरीही शहरांत ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये मानेचा डॉप्लर घातलेला असतो, आणि चाळीस टक्के थर दिसला की घरात रडारड सुरू होते. मला या पॅकेजांचा राग आहे, तो लपवत नाही. ज्याला झटका येऊन गेला त्याची मान तपासायला कुणी नेत नाही, आणि ज्याला काही झालेलं नाही त्याला घाबरवून पैसे घेतले जातात. आणखी एक, ऐकून नवल वाटेल: धमनी शंभर टक्के बुजली असेल तर ती सहसा उघडत नाहीत. तिथून आता वर काही जात नसतं, कणही नाही.

जाता जाता तरुणांना एक सांगतो. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान धरून कडकन मोडून घेता ना? मानेतल्या धमन्यांचं आतलं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं, आणि तिशीच्या पोराला लकवा होऊ शकतो. चंपी करून घ्या, मान मोडू देऊ नका.

आता मुळाकडे. थर चढतो कशामुळे? वय आहे, ते आपल्या हातात नाही. साखर आहे. पण या जिल्ह्यात मी दोन नावं आधी घेईन. एक खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात ४ पण नव्हते, आणि तोंडातून तंबाखू खाणारे होते २४. म्हणून आपल्याकडे लोक म्हणतात, मी कुठं बिडी ओढतो? खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलं निकोटिन नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं, आणि तंबाखू खाणाऱ्यांत लकव्याने मरण्याचा धोका वाढलेला आढळला आहे, हे घोटताना कुणाच्या डोक्यात नसतं.

दुसरं नाव रक्तदाबाचं, आणि तेच मोठं. इथून थोड्या अंतरावर सेवाग्रामच्या कुटीत राहणाऱ्या माणसाला रक्तदाब होता. गांधीजींना. २६ ऑक्टोबर १९३७ ची त्यांची नोंद आहे १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० ची २२०/११०. ना तंबाखू, ना दारू, ना मांस, रोजचं मैलोन् मैल चालणं, आणि तरी हे आकडे! ‘मला काही व्यसन नाही, मला कशाला बीपी असेल’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत. त्यांच्या प्रकृतीवर डॉ. सुशीला नायर लक्ष ठेवत. पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांनीच उभं केलं. पण गांधीजींच्या त्या काळी डॉक्टरांच्या हाती रक्तदाबावर भरवशाचं औषध जवळजवळ नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही द्यायला गोळी नव्हती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगासमोर मांडला तो १९४९ मध्ये.

आज? आज अम्लोडिपिनची गोळी उपकेंद्रातून फुकट मिळते. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे पहिल्यांदा निवडले त्यांत वर्धा होता. पण लकवा खेड्यांत किती माणसं नेतो ते आधी ऐका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले दोन वर्षांतले मृत्यू तपासले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. सात मृत्यूंत एक. हिवताप नाही, साप नाही, लकवा. आणि त्यातली बहुतेक माणसं दवाखान्यात नाही, घरी, आपल्या खाटेवर गेली. गडचिरोली म्हणजे जंगल, तिथलं वेगळं, असं म्हणून सुटता येणार नाही. त्या गावांत भात पिकतो आणि इथे कापूस, एवढाच फरक मला दिसतो.

मग गोळी फुकट मिळत असूनही अडतं कुठे? गोळी सुरू झाल्यावर. पहिल्या महिन्यात रक्तदाब १७०, गोळी सुरू. दुसऱ्या महिन्यात १३०. तिसऱ्या महिन्यात माणूस येत नाही. घरी गेलेल्या आशाताईला उत्तर मिळतं, ‘आता नॉर्मल हाये ना, कशाला खाऊ?’ म्हणजे पुन्हा तेच: बरं झालं, मग दवाखाना कशाला? गोळी बंद केली की आकडा वर जातो, आणि मानेतल्या त्या फुगीर जागेवर पुन्हा मार बसू लागतो. दुखत काहीच नाही. वर्षभर नाही, पाच वर्षं नाही.

बाहेर ओट्यावर उपकेंद्राच्या ताई रक्तदाब मोजायला बसल्या आहेत. ज्यांची गोळी चालू आहे आणि ज्यांनी ती मधेच सोडली आहे, त्यांनी आधी रांगेत उभं राहावं. बाकीच्यांनी त्यांना जागा द्यावी. हातावरची पट्टी सुटण्याआधी आकडा विचारून घ्या, वरचा आणि खालचा दोन्ही. आणि ज्यांच्या घरात कुणाला असा पाच मिनिटांचा लकवा होऊन गेला आहे, मग तो काल असो की मागच्या पोळ्याला, त्यांनी रांग सोडून सरळ माझ्याकडे यावं. मी इथेच खुर्ची टाकून बसतो.